चेटकीण म्हटलेली वक्ररेषा आणि मिलानची मारिया

कॉलेजात कॅल्क्युलस शिकलेल्या काहींना एक वक्ररेषा आठवत असेल. मधोमध गोलसर उंचवटा, दोन्ही अंगांना सारखाच उतार, आणि तो उतार काही केल्या संपत नाही. रेषा आडव्या अक्षाच्या जवळ येत राहते, पण अक्षाला टेकत मात्र कधीच नाही. इंग्रजी पुस्तकांत हिच्या खाली ‘विच ऑफ अग्नेसी’ असे छापलेले असते. अग्नेसीची चेटकीण. विद्यार्थी नावाला हसतात, गणित सोडवतात आणि पान उलटतात. अग्नेसी हे एका स्त्रीचे आडनाव आहे, हे पुष्कळांच्या लक्षातही येत नाही.

तिचे पूर्ण नाव मारिया गाएताना आन्येझी. अग्नेसी हा इंग्रजी वळणाचा उच्चार. तिच्या गावी, मिलानला, आन्येझीच म्हणतात. ‘चेटकीण’ हा शब्द तिचा नव्हे. तो एका म्हाताऱ्या प्राध्यापकाच्या भाषांतरातून आला. आणि जिच्या नावाला तो चिकटला, तिने आयुष्याची जवळजवळ ४७ वर्षे आजारी, म्हाताऱ्या आणि निराधार बायकांची शुश्रूषा करण्यात घालवली.

मारियाचा जन्म १६ मे १७१८ चा. त्या काळी मिलानवर ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याची सत्ता होती. वडील पिएत्रो आन्येझी यांच्या घराण्याचा पैसा रेशमाच्या व्यापारातला. ते बोलोन्या विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते असे अनेक ठिकाणी छापले जाते, ते चूक आहे. पिएत्रोंना पैशाची ददात नव्हती. हवा होता तो खानदानी मान. त्यांनी तीन लग्ने केली, एकूण २१ मुले झाली, आणि मारिया सगळ्यांत थोरली. पोरगी विलक्षण हुशार निघाली हे वडिलांनी फार लवकर ओळखले आणि घरी उत्तमातले उत्तम शिक्षक ठेवले. मुलीला शिकवणे ही त्या काळात मोठीच गोष्ट होती. पण त्यात शिकवण्याइतकाच मिरवण्याचाही भाग होता, हे विसरता येत नाही.

नवव्या वर्षी तिने जमलेल्या विद्वानांसमोर लॅटिन भाषेत भाषण केले. विषय होता, स्त्रियांनी उच्च शिक्षण घ्यावे की नाही. मूळ मजकूर शिक्षकांचा होता. त्याचे लॅटिन तिने केले आणि सगळे पाठ म्हणून दाखवले. पुढे ग्रीक, हिब्रू, फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन अशा भाषा आल्या. आन्येझींच्या दिवाणखान्यात संध्याकाळी मैफल भरायची. पाहुणे गोलाकार बसायचे, मारिया त्यांच्याशी लॅटिनमध्ये वाद घालायची, आणि मधल्या वेळात धाकटी बहीण मारिया तेरेसा हार्पसिकॉर्ड वाजवायची. ही बहीण पुढे स्वतः संगीतकार म्हणून नावाजली. १७३९ साली शार्ल द ब्रोस नावाचा फ्रेंच गृहस्थ इटलीच्या प्रवासात या घरी आला होता. झऱ्यांच्या पाण्याची भरती-ओहोटी, प्रकाश आणि रंग, भूमितीतल्या वक्ररेषा अशा विषयांवर विशीतल्या मुलीने केलेली चर्चा ऐकून तो थक्क झाला, आणि तसे त्याने पत्रांत लिहून ठेवले. त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. असे चारचौघांत बोलणे मारियाला मुळीच आवडत नव्हते. एकाची करमणूक होते आणि वीस जण कंटाळतात, असे तिचे मत होते.

बाराव्या वर्षाच्या सुमारास ती आजारी पडली होती. वैद्यांनी ठरवले की अतिअभ्यासाने आणि बैठ्या जीवनाने असे झाले. उपाय म्हणून भरपूर नाच आणि घोडेस्वारी सांगितली. झाले उलटेच. तिला जोरदार झटके येऊ लागले आणि मग सगळेच बेताने करा असा सल्ला मिळाला. तीनशे वर्षांपूर्वीच्या चार ओळींच्या वर्णनावरून निदान करायला बसू नये. झटक्यांची कारणे डझनभर असू शकतात. मात्र मुलगी आजारी पडली की दोष तिच्या अभ्यासाला द्यायचा, ही सवय त्या वैद्यांबरोबर संपली नाही, एवढे म्हणायला हरकत नाही.

आई १७३२ मध्ये गेली. १७३८ मध्ये मारियाने केलेल्या वादविवादांतली सुमारे १९० प्रमेये ‘प्रोपोझिसिओनेस फिलोसॉफिके’ या नावाने पुस्तकरूपाने निघाली. आणि त्यानंतर लवकरच तिने वडिलांना सांगितले की मला जोगीण व्हायचे आहे, मठात जायचे आहे. वडिलांनी नकार दिला. अखेर तडजोड झाली. साधे कपडे घालीन, मनात येईल तेव्हा चर्चमध्ये जाईन, आणि नाच-नाटकांच्या मेजवान्यांना जाणार नाही, या तिच्या तीन अटी वडिलांनी मान्य केल्या. मारिया घरीच राहिली आणि गणिताकडे वळली. रामिरो राम्पिनेल्ली हे गणित जाणणारे साधू १७४० पासून तिचे मार्गदर्शक झाले.

त्यातून तयार झाला तो १७४८ सालचा दोन खंडांचा, हजारावर पानांचा ग्रंथ. नावाचा अर्थ, इटलीच्या तरुणांसाठी विश्लेषणाचे पाठ. यातला ‘तरुणांसाठी’ हा शब्द महत्त्वाचा. तोवर कॅल्क्युलसचे ज्ञान लॅटिन, फ्रेंच, जर्मन लिखाणात विखुरलेले होते. न्यूटनच्या अनुयायांची चिन्हे वेगळी, लायब्निट्झच्या माणसांची वेगळी, आणि दोन्ही गटांत वैर. मारियांनी हे सारे एका क्रमात लावले. पहिल्या खंडात बीजगणित आणि समीकरणांवरून वक्ररेषा काढण्याची भूमिती, दुसऱ्यात विकलन, संकलन आणि त्यापुढचे. भाषा लॅटिन नाही, इटालियन. व्हेनिसच्या राज्यातले नामांकित गणिती याकोपो रिकाती यांनी हस्तलिखित वाचून पत्रांतून सूचना केल्या. छपाईवर नजर राहावी म्हणून छापखान्याची यंत्रे आन्येझींच्या घरातच आणून बसवली. शेवटी आकृत्यांचे घडीचे तक्ते होते.

त्यांनी नवे काय शोधले, असे कुणी विचारले तर उत्तर प्रामाणिकपणे द्यावे लागते: फारसे काही नाही. हा पाठ्यग्रंथ होता. पण चांगले पाठ्यपुस्तक लिहिणे हे दुय्यम काम आहे असे फक्त ज्याने कधी शिकवलेले नाही तोच म्हणेल. सोप्यापासून अवघडाकडे, प्रत्येक पायरीला उदाहरण, आणि उदाहरणात समीकरणापासून आकृतीपर्यंतचा सगळा प्रवास उलगडलेला, अशी तिची मांडणी होती.

समीकरण हातात आले की आलेख कसा वाचायचा? रुग्ण तपासताना जसा एक क्रम असतो, आधी नुसते पाहायचे, मग हात लावायचा, मग स्टेथोस्कोप, तसाच क्रम इथेही असतो. बहुपदी घ्या. क्षचा घन वजा तीन क्ष. हा आलेख अक्षाला तीन ठिकाणी छेदतो, उणे १ वर २ उंचीपर्यंत चढून वळतो, १ वर उणे २ पर्यंत उतरून पुन्हा वळतो, आणि दोन्ही टोके सुटलेल्या बैलासारखी धावतात, उजवे वर, डावे खाली. क्ष वाढवत नेला की बहुपदी कधीच स्थिरावत नाही. परिमेय फलनांची, म्हणजे बहुपदीला बहुपदीने भागून होणाऱ्या फलनांची, तऱ्हा निराळी. तिथे पहिली नजर छेदाकडे टाकायची. छेद कुठे शून्य होतो? १ भागिले (क्ष वजा २) यात क्ष २ झाला की भागाकारच उरत नाही. तिथे आलेख तुटतो आणि एका उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी वर-खाली निघून जातो. दुसरी नजर दूरवर टाकायची: क्ष खूप मोठा झाला की अंश जिंकतो की छेद? छेद जिंकला तर आलेख आडव्या अक्षाकडे झुकत जातो. अशी जी रेषा आलेख कायम गाठू पाहतो, तिला अनंतस्पर्शी रेषा म्हणतात.

आता ती ‘चेटकीण’. सोपे अंक घेऊ: ८ भागिले (क्षचा वर्ग अधिक ४). क्षचा वर्ग उणे होत नाही, म्हणून छेद ४ च्या खाली जातच नाही. शून्य होण्याचा प्रश्न नाही, आलेख कुठेही तुटत नाही. क्षच्या जागी उणे क्ष घातला तरी उत्तर तेच, म्हणून डावी-उजवी बाजू आरशातल्यासारखी सारखी. क्ष शून्य असताना उंची २, हे शिखर. १ वर १.६, २ वर १, ४ वर ०.४, १० वर जेमतेम ०.०८. शिखराजवळ रेषा पालथ्या वाटीसारखी असते, दूर गेल्यावर सुलट्या वाटीसारखी वळते, आणि हा बदल शिखराच्या बरोबर पाऊण उंचीवर, इथे १.५ वर, होतो.

भूमितीने ती अशी निघते. जमिनीवर एक वर्तुळ उभे आहे आणि त्याच्या माथ्यावर एक आडवी फळी ठेवली आहे असे समजा. वर्तुळ जमिनीला जिथे टेकते त्या बिंदूपासून तिरकी दोरी ताणायची. ती वर्तुळाला जिथे छेदते तिथली उंची घ्यायची आणि फळीला जिथे लागते तिथले आडवे अंतर घ्यायचे. त्या दोन मापांनी मिळणारा बिंदू कागदावर टिपायचा. दोरी फिरवत राहिली की ही वक्ररेषा तयार होते. दोन्ही बाजूंना ती न संपणारी. तरी तिच्याखालचे क्षेत्रफळ मोजले तर त्या वर्तुळाच्या बरोबर चौपट भरते. न संपणाऱ्या आकृतीचे क्षेत्रफळ मोजून सांगता येते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला आजही पटत नाही.

ही रेषा मारियांच्या आधीची. सतराव्या शतकात फर्मा यांनी तिचा विचार केला होता. इटलीतल्या ग्विदो ग्रांदी यांनी तिला लॅटिनमध्ये ‘वेर्सोरिया’ आणि इटालियनमध्ये ‘वेर्सिएरा’ असे नाव दिले. मूळ धातूचा अर्थ वळणे. शिडाची दिशा फिरवणाऱ्या दोरालाही हा शब्द होता. मारियांनी तेच नाव वापरले. केंब्रिजचे प्राध्यापक जॉन कोल्सन, न्यूटन ज्या आसनावर बसत त्याच आसनावरचे, यांना हा ग्रंथ इंग्रजीत आणावा असे वाटले आणि त्यासाठी ते उतारवयात इटालियन शिकले. हेतू चांगलाच होता. इंग्लंडमधल्या स्त्रियांनीही हे गणित वाचावे अशी त्यांची इच्छा होती. पण इटालियनमध्ये ‘आव्वेर्सिएरा’ असा दुसरा, अगदी जवळचा शब्द आहे. त्याचा अर्थ सैतानीण. कोल्सननी ‘वेर्सिएरा’चे भाषांतर ‘विच’ केले. १७६० मध्ये ते वारले, भाषांतर तसेच पडून राहिले आणि १८०१ मध्ये छापून निघाले. पुढे इंग्रजी पुस्तके एकमेकांवरून उतरत गेली आणि चूक पक्की झाली.

या रेषेचा पुढचा प्रवास आरोग्याच्या क्षेत्रातून जातो. एमआरआयच्या नळीत शरीरातल्या पाण्यातले हायड्रोजनचे अणुकेंद्रक रेडिओलहरींनी उत्तेजित केले जाते. लहर थांबली की ते स्वतः सिग्नल देते आणि तो हळूहळू विझत जातो. त्या सिग्नलात कोणत्या कंप्रतेचा वाटा किती, याचा आलेख काढला तर आदर्श परिस्थितीत हीच डोंगरासारखी रेषा येते. भौतिकशास्त्रात तिला लॉरेंट्झची रेषा म्हणतात. सिग्नल जितका लवकर विझेल तितका डोंगर रुंद, जितका रेंगाळेल तितका अरुंद. रुंदी मोजायची ती शिखराच्या अर्ध्या उंचीवर. संख्याशास्त्रात हीच रेषा धोक्याची सूचना म्हणून शिकवतात. मापांची विभागणी या आकाराची असेल, तर हजारो मापे घेऊनही त्यांची सरासरी एका जागी स्थिरावत नाही, कारण उतारावरची एखादीच अवाढव्य संख्या सगळा हिशेब उलटवते. दिसायला ही रेषा नेहमीच्या घंटेच्या आकारासारखी आहे, म्हणूनच फसवी.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर मान चालून आले. तो सम्राज्ञी मारिया तेरेसा यांना अर्पण केलेला होता. त्यांनी हिऱ्याची अंगठी आणि रत्नजडित स्फटिकाची पेटी पाठवली. पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या समितीने प्रशंसा केली, आणि १७७५ मध्ये दुसऱ्या खंडाचे फ्रेंच भाषांतरही निघाले. पोप चौदावे बेनेडिक्ट यांच्या पुढाकाराने १७५० मध्ये बोलोन्या विद्यापीठात त्यांची गणितासाठी नेमणूक झाली. तिथे लॉरा बासी आधीपासून भौतिकशास्त्र शिकवत होत्या, म्हणजे स्त्रीला वर्गात उभे राहणे अशक्य होते असे नाही. मारियांचे नाव तिथल्या पटावर राहिले. त्या मात्र बोलोन्याला गेल्याच नाहीत.

मार्च १७५२ मध्ये पिएत्रो वारले. मारिया तेव्हा ३३ वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्यांनी गणित बंद केले. १७६२ मध्ये तुरिन विद्यापीठाने लाग्रांज नावाच्या तरुणाच्या नव्या कामावर त्यांचे मत विचारले. हा लाग्रांज पुढे शतकातल्या सर्वांत मोठ्या गणितींपैकी एक ठरला. मारियांनी कळवले की असल्या विषयांत आता आपण लक्ष घालत नाही.

इथे अनेक चरित्रकार हळहळतात. एवढी बुद्धी वाया गेली, वडिलांसाठी गणित केले, ते गेले आणि सुटली, असे लिहितात. यात थोडे तथ्य असेलही. पण वाया गेली म्हणताना आपण नकळत एक माप वापरतो, आणि त्या मापात खाटेवरच्या म्हातारीचे अंग पुसण्याला किंमत शून्य असते. मठात जायची तिची इच्छा गणिताच्या आधीची होती. दिवाणखान्यातल्या टाळ्या तिला नकोशा होत्या. तिने काय टाकले याची मोजदाद सगळे करतात. तिने काय धरले त्याकडे क्वचितच कुणी पाहते.

आजारी गरीब बायकांना त्यांनी आधी स्वतःच्या घरातल्या खोल्यांत आणून ठेवले. जागा पुरेना, तेव्हा १७५९ मध्ये वेगळे घर भाड्याने घेतले. पैशासाठी सम्राज्ञीची अंगठी आणि पेटी विकली. तेही पुरले नाही, मग ओळखीच्या श्रीमंतांकडे आणि अधिकाऱ्यांकडे हात पसरले. ज्या घरात राजदूत आणि सरदार तिला ऐकायला येत, त्याच घरची ही बाई आता त्यांच्या दारी जाऊन रुग्णांसाठी मागत होती.

त्या काळच्या शुश्रूषेत काय असायचे, हेही लक्षात घ्यायला हवे. जंतू रोग करतात हे कुणाला माहीत नव्हते. भूल नव्हती, प्रतिजैविके नव्हती. तापासाठी सिंकोनाची साल, वेदनेसाठी अफू, बाकी रक्त काढणे आणि जुलाब. जेन्नर यांचे देवीच्या लसीवरचे पुस्तक निघाले ते १७९८ साली. म्हणजे वैद्य बरे करू शकत नव्हता अशा आजारांची यादी फार मोठी होती. अशा वेळी रुग्णाला मिळते ते कोरडे अंथरूण, भरवलेला घास, कूस बदलायला लावलेला हात आणि शेवटच्या रात्री शेजारी बसलेले माणूस. आज औषधे आहेत, तरी दीर्घ आजारी वृद्धाच्या घरात नेमकी याच गोष्टींची टंचाई असते.

१७७१ मध्ये मिलानला राजकुमार त्रिवुल्झियो यांनी दिलेल्या वाड्यात वृद्ध-निराधारांसाठी ‘पिओ आल्बेर्गो त्रिवुल्झियो’ ही संस्था सुरू झाली. आर्चबिशपनी मारियांना तिथल्या स्त्रियांच्या, विशेषतः आजारी स्त्रियांच्या, विभागाची जबाबदारी दिली. १७८३ मध्ये त्या राहायलाच तिथे गेल्या. तेव्हा वय ६५ होते. आपल्याहून वयाने लहान असलेल्या बायकांचीही देखभाल त्या करत होत्या. १७९६ मध्ये नेपोलियनचे सैन्य मिलानमध्ये शिरले, राज्य बदलले, संस्थेचे काम चालूच राहिले.

९ जानेवारी १७९९ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, मारिया तिथेच वारल्या. मालमत्ता काही उरली नव्हती. त्यांना संस्थेतल्या इतर १५ मृतांबरोबर एकाच खड्ड्यात पुरण्यात आले. कोल्सनचे भाषांतर छापून यायला अजून दोन वर्षे होती. संस्था मिलानमध्ये आजही आहे आणि तिथे वृद्ध रुग्णांची देखभाल होते.